ई-कचऱ्याचं ईपीआर प्रमाणपत्र अडकलं? काटा, बिल आणि पोर्टल जुळवताना या चुका टाळा

जुने टीव्ही, फ्रिज, सर्व्हर फोडणाऱ्या रिसायकलरला पैसा दोन वाटांनी येतो. एक निघालेल्या तांब्या-लोखंडाचा, दुसरा ईपीआर, म्हणजे उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीच्या, प्रमाणपत्राचा. ही दुसरी वाट 2022 च्या ई-कचरा नियमांनी आखून दिली आणि ते नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. आयुष्य संपलेल्या मालापैकी ठरावीक वाटा रिसायकल झाल्याचा पुरावा उत्पादक कंपनीला द्यावा लागतो. पहिली दोन वर्षं हा वाटा 60 टक्के होता, 2025-26 आणि 2026-27 साठी 70 टक्के आहे आणि 2027-28 पासून 80 टक्के होईल. रिसायकलरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, म्हणजे सीपीसीबीच्या, पोर्टलवर तयार केलेलं प्रमाणपत्र कंपनी विकत घेते.

कागदाला भाव आला की खोटा कागदही बाजारात येतो. प्लॅस्टिकच्या ईपीआरमध्ये ते घडलंच. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या मोजक्या कंपन्यांनी सहा लाखांच्या घरात बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं 2023 मध्ये सीपीसीबीच्या तपासणीत निघालं. त्यानंतर ई-कचऱ्याच्या आकड्यांकडेही कुणी भोळेपणाने बघत नाही. तुमच्या युनिटची मंजूर क्षमता राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, म्हणजे एमपीसीबीकडे, खरेदी-विक्री जीएसटीकडे, गाडीची हालचाल ई-वे बिलात, आयात कस्टम्सकडे आणि प्रमाणपत्रं सीपीसीबीकडे. एकाच ट्रकची हकीकत इतक्या ठिकाणी लिहिली जाते, आणि या नोंदी समोरासमोर ठेवल्या की थाप उघडी पडते. अडचण अशी की गलथान नोंदी ठेवणारा प्रामाणिक माणूसही त्याच चाळणीत अडकतो. पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे. मुद्दाम खोटं करणाऱ्याला सल्ल्याची गरज नाही, त्याला वकील लागेल.

नग आणि किलो

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समजा, एका कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले. त्यांच्या अकाउंट्सने बिल केलं: सीपीयू 120 नग, मॉनिटर 90 नग. त्यांच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण मालमत्तेच्या यादीतून नगच कमी होतात. गाडी तळोज्याला तुमच्या गेटवर आली, काट्यावर निव्वळ वजन भरलं 1,410 किलो. पोर्टलवर तुमच्या माणसाने अंदाजाने दीड टन टाकलं. आता बिलावर वजनच नाही, काटा पावतीवर 1,410 आणि पोर्टलवर 1,500. नव्वद किलोंनी कुणी श्रीमंत होत नाही, पण प्रत्येक गाडीला असा ‘राउंड फिगर’ लागला की वर्षाअखेरीला तो थेट जादा प्रमाणपत्रांचा आकडा होतो.

उपाय साधा आहे. माल उचलण्याआधीच विकणाऱ्याला सांगा की बिलात नगाबरोबर वजनही लिहा. ते जमत नसेल तर बिलाचा नंबर काटा पावतीवर लिहून घ्या आणि पोर्टलवर फक्त पावतीवरचं निव्वळ वजन भरा. भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हींच्या वेळा आणि गाडी नंबर पावतीवर दिसलाच पाहिजे. हाताने लिहिलेली पावती चालवून घेऊ नका.

‘मिक्स स्क्रॅप’ लिहून मोकळं होणं

ई-कचऱ्याला एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, 8549 आहे. त्यातून वेगळं केलेलं लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम 72 ते 81 या चॅप्टरांत जातं. आवक आणि जावक दोन्हींवर 7204, म्हणजे लोखंडी भंगाराचा कोड, टाकला, तर जीएसटीच्या नोंदीत तुम्ही लोखंडाचे व्यापारी दिसता आणि सीपीसीबीकडे ई-कचऱ्याचे रिसायकलर. शिवाय 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर कर खरेदीदाराने भरायचा आहे, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून अडीच लाखांवर घेतलं तर जीएसटीचा 2 टक्के टीडीएस कापायचा आहे. चुकीच्या कोडने करही चुकतो.

भंगारवाल्याचा माल, तिसऱ्याचंच बिल

कुर्ल्याचा भंगारवाला पक्कं बिल देत नाही, म्हणून ‘बिल मॅनेज करून देतो’ म्हणणारा कुणीतरी पुढे येतो. ही सोय नाही, सरळ बोगस बिल आहे. त्या फर्मचा जीएसटी नंबर उद्या रद्द झाला की तुमचं इनपुट टॅक्स क्रेडिट जातं आणि त्या टनांवर काढलेलं प्रमाणपत्रही संशयात येतं. त्यापेक्षा ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच नावाने खरेदी व्हाउचर करा, ओळखपत्राची प्रत जोडा, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. नोंदणी असलेल्याचा नंबर दर वेळी जीएसटी पोर्टलवर तपासा, मागच्या वर्षी चालू होता म्हणून सोडू नका.

गाडी नंबराचंही तसंच. एका अंकाच्या चुकीने ट्रकच्या जागी स्कूटर दाखल होते. वाहन नोंदणी आणि फास्टॅग ई-वे बिलाशी जोडलेले असल्याने हे पकडायला आता अधिकाऱ्याला रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला महाराष्ट्रात ई-वे बिल लागत नाही. अशा फेऱ्यांना काटा पावती आणि गेट रजिस्टर हाच काय तो पुरावा.

क्षमता, वीजबिल, सर्किट बोर्ड

एमपीसीबीच्या संमतीपत्रात वर्षाला 600 टन असतील तर 900 टनांची खरेदी दाखवून चालत नाही. आधी वाढीव संमती घ्या. माल चिरडणारं श्रेडर यंत्र वर्षभर फिरल्याचं कागदावर आहे आणि वीजबिल दुकानाएवढं, हेही पहिल्याच भेटीत दिसतं.

प्रमाणपत्रं लोखंड, अॅल्युमिनियम, तांबं आणि सोनं या धातूंवर निघतात. तुम्ही सर्किट बोर्ड वेगळे करून पुढच्या युनिटला विकत असाल, तर त्यातलं सोनं तुमच्या उत्पादनात धरू नका. ते ज्याच्या भट्टीत निघतं त्याचं. तसंच दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप पुन्हा रिसायकलिंगच्या वजनात येता कामा नये. सीरियल नंबरची यादी ठेवली की हा दुहेरी हिशेब टळतो.

बाहेरून आलेल्या मालाच्या फार वाटेला जाऊ नका. टाकाऊ ई-कचऱ्याच्या आयातीला बंदी आहे. 2025 मध्ये न्हावा शेवा बंदरात अॅल्युमिनियम भंगाराच्या आड आणलेले सुमारे 23 कोटींचे जुने लॅपटॉप आणि प्रोसेसर महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) पकडले. असा माल स्वस्त मिळाला तरी कागद कुठून आणणार?

प्रमाणपत्र विकत घेणाऱ्यांसाठी

ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला किमान 22 रुपये असा दर सरकारने ठरवला आहे. मोठ्या कंपन्यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तो वाद वेगळा. पण ‘बिल 22 चं करू, फरक रोख परत देतो’ असं एजंट म्हणाला तर फोन ठेवा. कमी पैशात काम करायचं तर बहुतेकदा काम केलंच जात नाही. खरेदीआधी रिसायकलरची क्षमता आणि विकलेली प्रमाणपत्रं यांचा ताळा बघा, आणि एकदा तरी शेडमध्ये जाऊन या.

चूक झालीच असेल तर

ई-वे बिल 24 तासांच्या आत रद्द करता येतं. विक्रीचं बिल चुकलं असेल तर त्या महिन्याचं जीएसटीआर-3बी हे विवरणपत्र भरण्यापूर्वी जीएसटीआर-1ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये बदल करता येतो. प्रमाणपत्र अजून हस्तांतरित झालं नसेल तर ते तसंच थांबवा, सीपीसीबी आणि एमपीसीबी दोघांना लेखी कळवा, काटा पावत्या जोडा. विकून झालं असेल तर खरेदीदारालाही त्याच दिवशी सांगा.

बरेच जण काय करतात, तर पुढच्या तिमाहीत तेवढं कमी दाखवून हिशेब बसवतात. त्याने एकाच्या दोन चुकीच्या तिमाह्या होतात, आणि दुसरी तर जाणूनबुजून केलेली असते. खोट्या माहितीवर जादा प्रमाणपत्रं काढली तर नोंदणी रद्द होते आणि भरलेली पर्यावरणीय भरपाई परत मिळत नाही. तीनदा नियम मोडले तर नोंदणी कायमचीच जाते.

सीपीसीबीच्या पोर्टलवरचं तिमाही विवरणपत्र तिमाही संपल्यावर पुढच्या महिनाअखेरीपर्यंत भरायचं असतं आणि पुरवठादारांची बिलं दाखवणारं जीएसटीआर-2बी 14 तारखेला येतं. म्हणजे ताळा घालायला हातात दोन आठवडे राहतात. ते काम कन्सल्टंटवर न सोडता काट्यावर बसणाऱ्या माणसाला शेजारी बसवून करा, कारण कुठल्या दिवशी काटा बंद होता आणि कुठली गाडी बाहेर वजन करून आली हे त्यालाच माहीत असतं.