बागेच्या संरक्षक भिंतीचा माथा कसा बांधावा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला किंवा यवतेश्वरच्या बाजूला उतारावर प्लॉट घेतला, की बागेसाठी रिटेनिंग वॉल आलीच. भिंत उभी राहते तोवर बजेट संपत आलेलं असतं आणि वरच्या कोपिंगचं, म्हणजे माथा झाकणाऱ्या थराचं, काम "उरलेली फरशी टाका" एवढ्यावर सोडून दिलं जातं. बांधकामात बरंच पाणी याच माथ्यातून शिरतं. सांधे सुटतात, दर्शनी बाजूला लोणा फुटतो, दोन पावसाळ्यांत शेवाळाचे काळे ओघळ दिसू लागतात.

भिंत फुगली असेल किंवा पाणी निघायला पाईप ठेवलेले नसतील, तर आधी ते बघा. चार-पाच फुटांपेक्षा उंच भिंतीसाठी इंजिनिअरला विचारा.

भिंत सिमेंटशिवाय रचलेला दगडी ताल असेल, तर वर काँक्रीटची पट्टी ओतू नका. ताल थोडा हलतो, बसतो. वरची ताठ पट्टी मात्र तडकते. तिथे तालाच्या पूर्ण रुंदीला पुरतील असे लांब, जड दगड आडवे टाका. काम संपलं.

सिमेंटच्या भिंतीसाठी माझी पहिली पसंती टाकीने (छिन्नीने) घडवलेल्या काळ्या दगडाला. तो इथलाच आहे, पाणी फारसा पीत नाही आणि खरखरीत असल्याने पावसात पाय घसरत नाही. जांभा दिसतो देखणा, पण सच्छिद्र असतो. भिंतीला चालेल, माथ्याला नको. पॉलिश केलेला कडप्पा पावसात घसरतो आणि एप्रिलच्या उन्हात त्यावर बसवत नाही. शहाबादी स्वस्त पडते, पण पातळ घेतली तर भिंतीबाहेर आलेली कड तुटते. दीड इंचापेक्षा कमी जाडीची घेऊच नका. दगड परवडत नसेल, तर आत सळई घालून तीन इंच जाडीची काँक्रीटची पट्टी ओता. तीही उत्तम. नुसता गिलावा करून माथा गोल करणं मला अजिबात मान्य नाही, तो तडकतोच.

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त छळलं ते ढाळ आणि ड्रिप यांनी, आणि दगडाच्या निवडीपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं आहे.

कोपिंग भिंतीपेक्षा बाहेरून दोन इंच आणि मातीकडून एक इंच रुंद हवं. म्हणजे नऊ इंची भिंतीवर बारा इंच. एवढ्या रुंदीत अर्धा इंच ढाळ द्या, आणि तो बाहेरच्या बाजूला. भिंत डागाळू नये म्हणून बरेच गवंडी ढाळ मातीकडे देतात. मला ते पटत नाही. भिंतीची मागची बाजू आधीच ओली असते, तिथे आणखी पाणी कशाला सोडायचं? डाग टाळायचे ते ड्रिपने.

ड्रिप म्हणजे बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून एक इंच आत, सलग काढलेली खाच. रुंदी दहा-बारा मिलिमीटर, खोली साधारण तेवढीच. ती नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकतं. खाच असली की तिथेच तुटून खाली पडतं, कौलाच्या पागोळीसारखं. दगड बसवण्याआधी जमिनीवर उलटा ठेवून कटरने खाच पाडा. बसवल्यावर ते धड जमत नाही. काँक्रीट असेल तर फळीवर लाकडी पट्टी ठोकून मगच ओता.

इतकं करूनही काम बिघडतं ते शेवटच्या दिवशी. दगडाखालचा सांधा 'साफ' करताना गवंडी माल खाचेत भरतो, वरून थापी फिरवतो आणि ड्रिप नाहीशी होते. त्या वेळी तुम्ही तिथे हजर राहा. माल ओला असतानाच खाचेतून बोट फिरवून बघा. माल घट्ट झाल्यावर माथ्यावर बादलीभर पाणी ओता. थेंब कडेवरून किंवा खाचेतून सुटले पाहिजेत, भिंतीवर ओघळ आला तर ती जागा पुन्हा उघडायला लावा.

बसवताना एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाचा पूर्ण थर द्या. चार कोपऱ्यांना गोळे ठेवून दगड टेकवू देऊ नका, आतल्या पोकळीत पाणी साचतं. ओतलेल्या पट्टीत दर पाच-सहा फुटांवर सांधा सोडा. हल्लीच्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला दहा दिवस पाणी मारावं लागतं, म्हणून काम मे उजाडायच्या आत उरका.

माती भरताना कोपिंगच्या वरच्या कडेपासून दोन-तीन इंच खाली थांबा आणि भिंतीमागे उथळ चर काढून वरचं पाणी एका बाजूला वळवा. खाली लगेच पायवाट असेल, तर पाणी पडतं त्या रेषेत वीतभर रुंद खडीचा पट्टा टाका, म्हणजे चिखल उडून भिंतीला लागणार नाही.