ताई शारजाला पडून आहे: संपर्कात राहताना या चुका टाळा

मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ताईला सहा आठवडे विश्रांती सांगितली. ती शारजाला, आम्ही चिपळूणला. पहिल्या दहा दिवसांत आम्ही तिची इतकी विचारपूस केली की शेवटी भावोजींचा मेसेज आला, "जरा झोपू द्या तिला." त्यानंतर आमचं काय काय चुकत होतं ते एकेक लक्षात येत गेलं.

फोन लागत नाही म्हणजे काहीतरी झालंय, असं धरून चालणं

आई व्हॉट्सॲपवरून कॉल लावायची, तो जोडलाच जायचा नाही आणि इकडे आईचे हातपाय गार पडायचे. यूएईत, म्हणजे शारजा-दुबई ज्या देशात आहेत तिथे, व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं चालतं, फक्त कॉल चालत नाहीत. कॉलसाठी तिथे परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात: बोटिम, झूम, गूगल मीट, टीम्स वगैरे. बोटिम दोन्ही टोकांना हवं, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजलं. आईच्या फोनवर ते टाकलं तरी रिंग वाजेना. फोन बॅटरी वाचवायला ॲप परस्पर झोपवत होता. सेटिंग्जमध्ये जाऊन बोटिमवरचं बॅटरीचं बंधन काढलं, नोटिफिकेशन चालू केली, तेव्हा कुठे वाजायला लागला. झूमचा फुकटातला कॉल 40 मिनिटांनी आपोआप तुटतो. आमच्या आत्याच्या बाबतीत ही सोयच म्हणायची.

"व्हीपीएन (आपण कुठून इंटरनेट वापरतोय ते लपवणारं ॲप) टाक, सगळं चालतं" असा सल्ला देणारा एक चुलतभाऊ प्रत्येक घरात असतोच. त्याचं ऐकू नका. गुन्हा करायला किंवा लपवायला व्हीपीएन वापरलं तर 2021 च्या तिथल्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. आजारी माणसाला त्या भानगडीत कशाला ओढायचं?

घड्याळातला दीड तासाचा फरक म्हणजे काहीच नाही, असं समजणं

आई साडेसहाला पूजा आटोपून फोन हातात घेते. शारजाला तेव्हा पाच वाजलेले असतात आणि ताईला कुशीवर वळता येत नसल्याने झोप लागलेली असते पहाटे कधीतरी. तिथलं घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही, त्यामुळे वेळ एकदा ठरवली की ठरली. बहीण लंडनला किंवा न्यू जर्सीला असेल तर वर्षातून दोनदा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

खरी चूक मात्र वेगळीच होती. भावोजींचं ऑफिस दुबईत. शारजा-दुबई रस्त्यावरच्या गर्दीमुळे ते सकाळी लवकर निघतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. शारजात सरकारी कार्यालयांना शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी असते, त्यांना मात्र शनिवार-रविवारच. म्हणजे ताई दिवसभर एकटी. आणि आम्ही सगळे फोन कधी करायचो? रात्री, भावोजी दमून आल्यावर, दोघांना दोन घास निवांत खायचे असताना. दुपारी तिच्याशी बोलायला कोणी नसायचं.

व्हिडिओ कॉलचा आग्रह

उताणं झोपून फोन चेहऱ्यावर धरून बघा, दोन मिनिटांत हात भरून येतो. ताईचा फोन एकदा थेट नाकावर पडला. तेव्हापासून मी व्हॉइस नोट पाठवते. उत्तर द्यायची घाई नाही, हवं तेव्हा ऐकायचं. एकदा घावन घालता घालता बोलले होते, मागे तव्याचा चर्रर्र आवाज. मी काय बोलले ते तिला आठवत नव्हतं, पण ती नोट तिने तीनदा ऐकली होती.

"आता कसं वाटतंय?" हा प्रश्न तर बंदच करा. मावशी, काकू, आत्या सगळ्यांना तेच उत्तर देऊन ती थकायची. आता मी संध्याकाळी घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकते आणि त्यावर भागतं. 'लास्ट सीन' बघून "तीन वाजता जागी का होतीस?" असं विचारणाऱ्यांनी (यात मीही होते) स्वतःला आवरावं.

घरातलं लपवणं

मधल्या काळात आई अंगणात घसरली, उजव्या मनगटाला प्लास्टर. ताईला सांगायचं नाही असं ठरलं. व्हिडिओत आई फक्त खांद्यापर्यंत दिसेल असा फोन मी धरला होता. बोलता बोलता आईने डाव्या हाताने चष्मा वर सरकवला. ताई म्हणाली, "आई, उजवा हात दाखव." त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या "सगळं ठीक आहे"वर तिचा विश्वास बसेना. आजारी माणसाला बातमी सोसते, संशय सोसत नाही.

प्रेमाने केलेलं पार्सल

डिंकाचे लाडू झाले, डबा भरला, शेजारचा मुलगा दुबईला निघालेला. गल्लीतल्या एका काकांची बरीच वर्षं आखातात गेलेली. त्यांनी विचारलं, "खसखस घातलीय का?" घातली होती. यूएईत खसखशीला बंदी आहे आणि पकडला जातो तो नेणारा. दुसरा घाणा खारीक, खोबरं, सुंठ घालून खसखशीविना केला. औषधांचंही तसंच. ट्रॅमाडोल, कोडीन यांच्यावर तिथे कडक नियंत्रण आहे, त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध कुणाच्या हाती पाठवू नका, तिथल्याच डॉक्टरांकडून घेऊ द्या. आईला पाठवायचा विचार असेल तर तिकिटाआधी पासपोर्ट काढून बघा, निदान सहा महिने मुदत उरलेली लागते.

आता मी दुपारी चारला बोटिम लावते, तिथे अडीच वाजलेले असतात. फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवते आणि भाजी निवडायला घेते. तीही फोन उशाशी ठेवते, मला फक्त छत आणि पंखा दिसतो. थोडं बोलणं होतं, मग तिकडून घोरण्याचा आवाज येतो. मी हळूच कॉल बंद करते.