फळं आयात करायचीत? आधी यादी उघडा

ताज्या फळांच्या आयातीचं काम शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा शुल्काचा दर विचारतात. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग. फळं एचएस कोडच्या (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या क्रमांकांच्या) आठव्या प्रकरणात येतात; कोड सापडला की दर समोर. आधी विचारायचं ते असं: हे फळ, त्या देशातून, आपल्याकडे येऊ शकतं का?

बऱ्याच देशांत परवानगी फळ आणि मूळ देश अशी जोडी पाहून मिळते. एका देशाचं संत्रं चालतं म्हणून शेजारच्या देशाचं चालेलच असं नाही, कारण तिथली फळमाशी वेगळी असू शकते. जोडी परवानगीच्या यादीत नसेल तर कीड जोखीम विश्लेषण होतं, आणि त्याला कधीकधी वर्षं लागतात. ग्राहकाचा कितीही घाईचा फोन असो, मी भावाबद्दल बोलायच्या आधी ती यादी उघडतो.

यादीत नाव असलं की आयात परवाना काढायचा आणि त्यावरच्या अटी ओळ न ओळ वाचायच्या. कारण 'फायटो', म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, याच अटींवर बेतलेलं असतं. ते निर्यात करणाऱ्या देशाची अधिकृत वनस्पती संरक्षण यंत्रणाच देते. विक्रेत्याचं पत्र किंवा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या जागी चालत नाही. फळाचं शास्त्रीय नाव, मूळ देश, वजन, खोक्यांची संख्या हे सगळं पॅकिंग लिस्टशी जुळायला हवं. सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या 'अतिरिक्त घोषणे'वर. अमुक कीड नाही, किंवा फळं कीडमुक्त क्षेत्रातली आहेत, असं विधान परवान्यात मागितलेलं असतं. ते त्याच शब्दांत आलं पाहिजे. अर्थ तोच आहे म्हणून अधिकारी सोडून देतील या भरवशावर राहू नका. माल निघायच्या आधी फायटोचा मसुदा मागवून घ्या. तो मागितल्यावर विक्रेता कुरकुरतो, कुरकुरू द्या.

कीड मारण्याच्या प्रक्रियेची अट असेल तर वेळापत्रकच बदलतं. भूमध्य फळमाशीसाठी अमेरिकेच्या नियमावलीत शीत प्रक्रियेचा एक पर्याय १.११ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सलग १४ दिवस असा आहे. ही प्रक्रिया जहाजावरच्या रीफर, म्हणजे शीत कंटेनरमध्येही पुरी करता येते, पण गरात खुपसलेल्या सेन्सरची नोंद अखंड लागते. मधेच तापमान मर्यादेच्या वर गेलं की मोजणी कोलमडते, आणि बंदरात उभ्या कंटेनरला कुणी विचारत नाही. ज्या फळाला इतकी थंडी सोसत नाही, त्याला हा पर्याय चालत नाही. तिथे बाष्प-उष्णता (गरम, दमट हवेची प्रक्रिया) किंवा विकिरण (किरणांचा मारा) लागतं, अर्थात ते त्या देशाला मान्य असेल तरच.

कीटकनाशकांचे अवशेष हा वेगळ्या खात्याचा विषय. फायटो कितीही स्वच्छ असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सहसा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. म्हणून तपासणी अहवालाइतकीच शेतातल्या फवारणीची नोंदही मागा.

लाकडी पॅलेट विसरू नका. फळ निर्दोष आणि पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी वेष्टनावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का नाही, एवढ्यावरून कंटेनर अडतो. फळांसोबत पानं, माती आली तरी तेच. लिंबूवर्गीय फळं पानं आणि देठांशिवायच युरोपीय संघात जाऊ शकतात.

बंदरात तपासणीत जिवंत कीड सापडली, तर सहसा पर्याय तीनच: मान्य प्रक्रिया, परत पाठवणी किंवा नाश. निर्णयाला मुदत थोडी मिळते आणि फळ थांबत नाही. म्हणून त्या तिन्हींचा खर्च कुणाच्या अंगावर आणि होकार कोण देणार, हे खरेदी करारातच लिहून घ्या. माल बंदरात उभा असताना त्यावर वाटाघाटी होत नाहीत.