स्काऊट मास्तर होऊ पाहणाऱ्यांसाठी, सरांच्या हाताखाली शिकलेलं

शाळेत यंदा लागलेल्या दोन तरुण शिक्षकांनी परवा मला विचारलं, स्काऊट पथक घ्यायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं? मधल्या सुट्टीत जमेल तेवढं सांगितलं, पण ते अपुरं राहिलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी नागपुरात ३४ वर्षं एकच पथक सांभाळलं. त्यातली शेवटची ११ वर्षं मी त्यांचा सहायक होतो. आज पथक माझ्याकडे आहे, आणि काही अडलं की अजूनही मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी जाऊन बसतो.

आधी कागदांचं उरकतो. पथकाची नोंदणी भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयात करावी लागते. तुम्हाला स्वतःला आधी बेसिक कोर्स, मग अॅडव्हान्स आणि मनात असेल तर पुढे हिमालय वुड बॅज, म्हणजे स्काऊट मास्तरांचा त्यावरचा कोर्स. पचमढीला संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्याला नागपूरहून ते जवळच पडतं. मुलांची वाट 'प्रवेश' या पायरीपासून सुरू होते, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. पालक पहिल्या भेटीतच स्काऊटमुळे दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांबद्दल विचारतात. त्यांना नियम काय आहे ते नीट सांगा, पण मुलाला गुणांसाठी बोलावू नका. जो गुणांसाठी येतो तो दहावीचा फॉर्म भरला की दिसत नाही.

कोर्समध्ये गाठी, लॅशिंग (काठ्या दोरीने जोडून बांधणं), प्रथमोपचार, नकाशा, सगळं शिकवतात. सरांची वही मात्र तिथे शिकायला मिळत नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी लांबट वही. दर मुलाला एक पान. वर नाव, रक्तगट, घरचा फोन. खाली सरांच्या बारीक अक्षरात नोंदी: 'शेंगदाणे चालत नाहीत.' 'पाण्याला भितो, बोलून दाखवत नाही.' 'वडील रात्रपाळीला, फोन दुपारी चारनंतर.' 'रात्री एकटा उठून जात नाही, झोपताना आठवण करणे.' ही वही ते कुणालाही वाचू देत नसत, मलाही पाचव्या वर्षी हातात मिळाली. मुलांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, आईशी बोलून त्या नोंदी जमलेल्या असत. नवीन माणसाने पहिल्या तीन महिन्यांत दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक घरी एकदा जाऊन यावं.

दुसरी गोष्ट मला समजायला फार वेळ लागला. स्काऊटिंग पेट्रोल पद्धतीवर चालतं: सहा ते आठ मुलांचा एक गट, त्यांचा एक नायक, आणि गटाचं काम गटानेच करायचं. १९०७ साली बेडन-पॉवेल ब्राउनसी बेटावर २० मुलांना घेऊन गेले, तेव्हाही त्यांनी पाच-पाच जणांचे चार गट केले होते. हे पाठ करायला सोपं आहे. माझ्या पहिल्या हिवाळी शिबिरात मुलं रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे कणकेचे गोळे, करत होती. वांग्याची भाजी चुलीवर चढली होती, आणि गोवऱ्यांचा आर अजून धुमसत असतानाच एका गटाने रोडगे त्यात पुरायला घेतले. बाहेरून कोळसा आणि आत कच्चं पीठ होणार हे मला दिसत होतं. मी उठलो. सरांनी माझं मनगट धरून खाली बसवलं.

'काहून घाई करतं? करू दे ना त्याईले. जळलं त जळलं.'

तेव्हा माझं लक्ष गेलं. सर स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मदतीला हात आपोआप पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी लावून घेतलेली ती सवय होती. मात्र प्रत्येक चुलीशेजारी पाण्याची भरलेली बादली आहे की नाही, हे त्यांनी आधी दोनदा फिरून पाहिलं होतं. मुलांनी त्या रात्री वांग्याच्या भाजीसोबत पोहे खाल्ले. दुसऱ्या संध्याकाळी त्याच गटाचा नायक गोवऱ्यांवर राख चढेपर्यंत घड्याळ धरून उभा होता. मी अजूनही हात मांडीखाली घालून बसतो, आणि अजूनही ते मला जड जातं.

मुलांच्या जिवाचा प्रश्न येतो तिथे मात्र हात मांडीखाली ठेवायचे नाहीत. माझी चूक सांगतो. रामटेकच्या सहलीत अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गड चढताना मी चालता चालता डोकी मोजली आणि आकडा बरोबर आला असं धरून चाललो. वर देवळाशी एक मुलगा कमी. वीस मिनिटांनी तो मधल्या पायऱ्यांवर सापडला, माकडाच्या पिल्लाकडे बघत बसला होता. ती वीस मिनिटं मला आजही अंगावर येतात. सर मला रागावले नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, 'चालत्या पोट्ट्याईची मोजणी खरी नसते.' तेव्हापासून थांबल्याशिवाय मोजत नाही. आधी नायक आपला गट मोजून सांगतो, मग मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतो, आणि सगळ्यात मागे नेहमी एक मोठा माणूस चालतो.

याच जोडीचे आणखी काही नियम आहेत, त्यांत सूट देऊ नका. कोणताही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत किंवा तंबूत एकटा राहणार नाही. पालकांचं संमतीपत्र लेखी हवं, फोनवर 'हो' म्हटलेलं चालत नाही. तलाव कितीही शांत दिसो, पाण्यात उतरायचं नाही. जंगलाच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यायची.

नागपूरचं ऊन हा वेगळाच विषय आहे. मुक्कामाची शिबिरं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्या. रात्री पारा दहाच्या खालीही जातो, तेव्हा पांघरुणं मोजून न्या. मार्चनंतर फक्त पहाटेचं चालणं, सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीच्या बाजूला, आणि नऊच्या आत मुलं घरी. पारा ४५ च्या वर गेला की, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर मुळीच, बाहेरचा कार्यक्रम ठेवू नका, कितीही उत्साही मुलं असली तरी. ऊन लागलेल्या मुलाला घाम येणं थांबलं, तो असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायला लागा आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवा. आधी फोन, मग पाणी असं करू नका, दोन माणसं दोन कामाला लावा. पावसाळ्यात वीज कडाडत असेल तर झाडाखाली कुणी थांबणार नाही.

घरच्यांबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. हे काम शनिवार-रविवारचं आहे, म्हणजे नेमकं घरच्यांच्या वाट्याचं. सरांच्या घरी काकूंनी कितीतरी रविवार एकट्याने काढले. त्या मला एकदा म्हणाल्या, 'मला आधी सांगितलं असतं तर मी राग धरला नसता, सांगत नव्हते म्हणून धरला.' सरांनी पुढे वर्षाचं वेळापत्रक जूनमध्येच घरी भिंतीवर लावायला सुरुवात केली. तुमचं लग्न व्हायचं असेल तर हे आधी बोलून घ्या.

मागच्या डिसेंबरात पाचवीतला एक नवीन मुलगा शिबिराला आला. आईने फोनवर दबकत सांगितलं, तो कधीकधी झोपेत उठून चालतो. मी ते वहीत उतरवून संध्याकाळी सरांकडे गेलो. आडनाव ऐकून ते काही बोलले नाहीत, उठून लोखंडी कपाटातून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला आणि बराच वेळ पानं उलटत बसले. मग एक पान माझ्यापुढे केलं. मुलाच्या वडिलांचं नाव, आणि खाली फिकट झालेल्या शाईत: 'झोपेत चालतो. दाराशी झोपवू नये, दोन्ही बाजूंना मोठी मुलं द्यावीत.'

शिबिरात त्याचं अंथरूण आम्ही तंबूच्या मधोमध घातलं. एका बाजूला गटाचा नायक, दुसऱ्या बाजूला नववीतला एक मुलगा, आणि दाराशी मी.