व्यवसायाला स्वतःचं आडनाव देताय? या चुका टाळा

चितळे, बेडेकर, गाडगीळ. आपल्याकडे आडनावांनीच पेढ्या मोठ्या झाल्या, म्हणून नवं दुकान टाकणाराही पाटीवर आधी आडनाव रंगवून घेतो. "माझंच नाव आहे, कोण अडवणार?" असं गृहीत धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

ट्रेडमार्क कायदा १९९९च्या कलम ३५ मध्ये स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा आहे, पण ती माणसाला. किर्लोस्कर नावाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच, जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल, सांगितलं होतं की कंपनीला तिचा आधार घेता येत नाही. कंपनीचं नाव जन्माने येत नाही, निवडलेलं असतं. म्हणजे त्याच धंद्यात त्याच आडनावाचं कुणी आधीपासून नावाजलेलं असेल, तर प्रायव्हेट लिमिटेड काढताना नुसतं आधार कार्ड दाखवून भागत नाही. पाटी रंगवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या वर्गात शोध घ्या.

गुमास्ता किंवा जीएसटी नोंदणी झाली म्हणजे नाव आपलं झालं, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. नावावरच्या हक्कासाठी ट्रेडमार्कचा वेगळा अर्ज करावा लागतो. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण.

भावाभावांच्या धंद्यात तर नाव कुणाच्या मालकीचं, हे पहिल्याच वर्षी कागदावर यायला हवं. वाटणीत दुकान, यंत्रं, उधारी सगळं मोजलं जातं आणि आडनाव तसंच राहतं. मग समोरासमोर दोन पाट्या लागतात. भागीदारीपत्रात एक कलम घालणं त्या वेळी फार सोपं असतं, आणि ते सुचवणाऱ्याला कुणी अविश्वासू समजू नये.

पुढे धंदा विकायचा विचार असेल तर गिरगावातलं उदाहरण बघा. १९३१ साली दांडेकर आणि कंपनी सुरू झाली, शाई मात्र 'कॅमल' म्हणून घरोघरी गेली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला, तेव्हा आजची 'कोकुयो कॅमलिन' झाली. दांडेकर आडनाव कुणाला द्यावं लागलं नाही.

केटरिंग, इंटिरिअर, क्लास अशा कामांत नाव तुमचं असलं की गिऱ्हाईक तुम्हालाच मागतं. एकट्यानेच काम करायचं असेल तर हीच खरी ताकद, आडनाव बिनधास्त लावा. माणसं वाढवायची असतील आणि पाटी आधीच लागली असेल, तर ती एकदम बदलू नका. बिलावर, खोक्यावर, गाडीवर नवं नाव मोठं आणि आडनाव खाली लहान अक्षरांत ठेवा. जुनी गिऱ्हाइकं नव्या नावाने फोन करू लागली की आडनाव काढा.