गेम कन्सोल स्पाइक गार्डला लावावा का? सोलापूरच्या घरातली जोडणी, पायरीपायरीने

लावावा. पण स्पाइक गार्ड (विजेचा झटका अडवणारा प्लगबोर्ड) आणला म्हणजे निर्धास्त झालो, असं मानू नये. तो ज्या झटक्यासाठी बनवलेला असतो तो मायक्रोसेकंदांत येऊन जातो. आपल्याकडे कन्सोल जाळणारं व्होल्टेज मात्र कधीकधी मिनिटभर टिकतं. दुखणी दोन आहेत, आणि त्यांची औषधंही दोन.

पहिलं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, जवळपास कुठे वीज पडते आणि तारांमधून हजारो व्होल्टचा झटका क्षणभर घरात शिरतो. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग असतात. त्यांच्या मोटारी चालू-बंद होताना असेच झटके येतात, फक्त लहान. ते रोज बसत राहतात.

दुसरं दुखणं डीपीपाशी (गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी) किंवा खांबावर सुरू होतं. डीपीतून गल्लीत तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल (परतीची तार) येतो. न्यूट्रलचा जोड सैल झाला किंवा तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी साखळीने जोडल्यासारखी होतात. ज्या घरात लोड कमी, तिथे व्होल्टेज २३० वरून ३०० किंवा ३५० वर जातं, अगदी टोकाला ४०० च्या जवळही. हिशोब साधा आहे. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, ४०० चं ५६५ च्या वर. कन्सोलच्या पॉवर सप्लायमधला मुख्य कपॅसिटर साधारण ४०० ते ४५० व्होल्टचा असतो. तो फुगतो, फुटतो, आणि सोबत बाकीचं सर्किटही घेऊन जातो.

पाणी येण्याच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली जातं आणि ट्यूबलाइट फडफडायला लागते. त्याची चिंता कन्सोलच्या बाबतीत फारशी करू नका. १००-२४० व्होल्टचा सप्लाय १७०-१८० वरही नीट चालतो. म्हणून कन्सोलसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही. त्यातला सारखा टकटक करणारा रिले स्वतःच छोटे झटके देतो.

पायरी १ : कन्सोलचं लेबल वाचा

मागे किंवा तळाशी इनपुट छापलेलं असतं. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पुढे चला. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेला जुना एक्सबॉक्स ३६० असेल तर त्याच्या विटेएवढ्या अ‍ॅडॉप्टरवर बहुधा १००-१२७ लिहिलेलं दिसेल. तो इथल्या सॉकेटमध्ये घातला की गेला. तिकडून आलेला पॉवर स्ट्रिपही वापरू नका. त्यातले संरक्षक भाग १२० व्होल्टच्या हिशोबाचे असतात, त्यामुळे २३० मिळताच ते तापतात आणि जळतात.

एक्सबॉक्सच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टचा सल्ला कन्सोल थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावण्याचा आहे, कारण त्यांच्या सप्लायमध्ये झटक्यांपासूनचं संरक्षण आधीच असतं. जुन्या विटेच्या अ‍ॅडॉप्टरसाठी तो सल्ला तंतोतंत पाळा आणि संरक्षण डीबीत, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीत बसवा (पायरी ४). नवीन, आत सप्लाय असलेल्या एक्सबॉक्सलाही डीबीतलं संरक्षण असेल तर थेट भिंतच बरी. तसं संरक्षण नसेल तर जाड वायरचा चांगला स्पाइक गार्ड लावा. खरी अडचण बारीक वायर आणि सैल सॉकेट असलेल्या स्वस्त बोर्डाची असते. पीएस५ सरळ स्पाइक गार्डला लावावा.

पायरी २ : आधी अर्थिंग तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि घोटाळा इथेच होतो. पीएस५ ची वायर दोन पिनांची असते, मग अर्थिंगचा संबंध काय, असं वाटतं. संबंध स्पाइक गार्डाशी आहे. त्यात झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात, त्यांना एमओव्ही म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला त्या गप्प असतात. झटका आला की क्षणात वाहक होतात आणि जादा ऊर्जा वळवतात. फेज आणि न्यूट्रलमधली चकती अर्थिंगशिवाय काम करते, पण फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थमधल्या चकत्यांना अर्थिंग नसेल तर ऊर्जा सोडायला जागाच राहत नाही.

सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ कायम शून्य दिसत असेल आणि इस्त्रीसारखा लोड टाकल्यावरही हलत नसेल, तर कोणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारलेला असू शकतो. तो लगेच काढून घ्या. न्यूट्रल तुटला तर त्या जंपरमुळे फ्रिजच्या बॉडीतही करंट येतो.

मीटरने २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग दमदार आहेच असं नाही, मीटर कच्च्या अर्थिंगवरही तो आकडा दाखवतो. वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघा. फेज-न्यूट्रलवर पेटतो तेवढाच उजळ पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (करंटची गळती दिसताच लाइट तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो पडेल, ते बरोबरच आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. काळी माती सुकून भेगाळते आणि पाइपपासून सुटते. मीठ-कोळशाचा जुन्या पद्धतीचा खड्डा असेल तर फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता. धुण्याचं उरलेलं चालेल. वरचा क्लॅम्प गंजला असेल तर घासून घट्ट करा.

पायरी ३ : स्पाइक गार्ड निवडा आणि जोडा

नव्या पेठेत किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात ‘स्पाइक गार्ड’ मागितला की पुढ्यात येणाऱ्या बऱ्याच वस्तू म्हणजे लाल दिव्याचे एक्स्टेन्शन बोर्ड असतात. आत फक्त फ्यूज. फ्यूज जादा करंटला उडतो, झटका त्याला पत्ता न लागू देता पार होतो. खोक्यावर ज्यूलचा आकडा (झटक्याची किती ऊर्जा सोसेल तो) शोधा. तो नसेल तर वस्तू परत ठेवा. ६०० ज्यूलच्या खाली जाऊ नका, टीव्हीही त्यावरच असेल तर हजाराच्या पुढचा घ्या. ‘संरक्षण चालू’ असल्याचा वेगळा दिवा असावा, वायर किमान १ चौरस मिलिमीटरची आणि पिन तीनच असाव्यात.

लोडची काळजी नको. पीएस५ खेळताना साधारण २०० वॉट घेतो, ४३ इंची टीव्ही शंभरच्या आसपास, राउटर किरकोळ. सगळं मिळून दीड अँपिअरच्या आत. मात्र त्याच बोर्डावर कूलर, मिक्सर, इस्त्री नको. कूलरची मोटार बंद होताना जो झटका देते, तो मग स्पाइक गार्डाच्या आतच तयार होतो. एकाला दुसरा बोर्डही जोडू नका.

कन्सोल, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर हे चौघंही एकाच स्पाइक गार्डावर घ्या. गच्चीवरच्या डिशची वायर किंवा बाहेरून आलेली तांब्याची लॅन वायर ही झटक्याची मागची वाट आहे. डिशमधून सेट-टॉप बॉक्स, तिथून टीव्ही, आणि एचडीएमआयमधून कन्सोल. चौघांचा अर्थ एकच असेल तर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक कमी राहतो. फायबर काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही. लॅन वायर शेजारच्या गच्चीवरून आली असेल तर पावसात ती राउटरमधून उपसून ठेवा.

जोडताना क्रम पाळा : सगळं बंद, आधी एचडीएमआय, मग पॉवरच्या वायरी, शेवटी भिंतीवरचा स्विच. अर्थिंग नसलेल्या घरात एचडीएमआयच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. चालू अवस्थेत ती घुसवली तर तेच व्होल्टेज पोर्टच्या चिपमधून जातं आणि ‘कन्सोल चालू होतो, चित्र नाही’ अशी तक्रार सुरू होते.

पायरी ४ : न्यूट्रलचा बंदोबस्त

३५० व्होल्ट मिनिटभर टिकले तर एमओव्ही तापतो. चांगल्या बनावटीत थर्मल फ्यूज त्याला वेगळं करतो, स्वस्तातल्यात धूर निघतो. कन्सोल दोन्हीकडे धोक्यात असतो. यावर उपाय म्हणजे डीबीत एमसीबीशेजारी बसणारं ओव्हर-अंडर व्होल्टेजचं यंत्र. वरची मर्यादा २६५ ते २७०, खालची १७०, आणि लाइट परत जोडण्याआधी किमान ६० सेकंदांचा उशीर लावा. फ्रिज असेल तर तीन मिनिटं. जमलं तर त्याच डीबीत टाइप २ एसपीडी (झटका अडवणारं यंत्र) बसवून घ्या, मग झटक्याचा मोठा भाग तिथेच अडतो आणि टीव्हीजवळच्या स्पाइक गार्डाकडे उरलंसुरलं येतं. दोन्ही कामं वायरमनचीच.

काही दिवे भगभगीत आणि शेजारचे मंद दिसायला लागले तर विचार करत बसू नका. मेन स्विच खाली करा, मग महावितरणला १९१२ वर कळवा.

इन्व्हर्टर, यूपीएस आणि वीज कडाडताना

इन्व्हर्टरवर खेळायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा. मागचं बटण ‘यूपीएस’कडे ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी कन्सोल बंद पडतो आणि पुढच्या वेळी स्टोरेज दुरुस्त करत बसतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, टीव्हीसकट ते काठावरच. १००० व्हीएचा घ्या. यूपीएस भिंतीतच लावावा, आणि त्याच्या आउटपुटवर स्पाइक गार्ड जोडू नये.

ढग गडगडायला लागले की मेनूतून कन्सोल पूर्ण बंद करा. रेस्ट मोड चालणार नाही, कारण त्यात तो जागाच असतो. मग पिन उपसा. स्विच बंद केल्याने भागत नाही, जवळ पडलेली वीज स्विचच्या फटीवरून सहज उडी मारते. डिशची वायरही काढा.

मोठ्या झटक्यानंतर स्पाइक गार्डाचा संरक्षणाचा दिवा पाहा. तो विझला असेल तर सॉकेटमध्ये लाइट येत असली तरी तो आता साधा बोर्ड आहे, बदला. दिवा नसलेला असेल तर तीन-चार वर्षांनी बदललेला बरा, कारण रोजचे छोटे झटके एमओव्ही झिजवत राहतात.

कन्सोल सुरूच होत नसेल तर आधी स्पाइक गार्ड बाजूला करून चालू सॉकेटमध्ये थेट लावा. एक्सबॉक्सची वायर काढून १० सेकंद थांबा आणि परत लावा, सप्लायचं आतलं संरक्षण तेवढ्याने पूर्ववत होतं. पीएस५ ला इंग्रजी आठाच्या आकाराची दुसरी वायर लावून पाहा. जळका वास आला असेल तर यातलं काहीही करू नका, पिन काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.