गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळीला जायचंय? मग हे असं करा

मुंबईत एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या स्पामध्ये सौना, म्हणजे तापवलेल्या कोरड्या हवेच्या खोलीत बसायला गेलात तर दारातच कोणीतरी टॉवेल हातात देतो, आधी शॉवर घ्या म्हणतो, आत भिंतीवर थर्मामीटर असतं, वाळूचं घड्याळ असतं, आणि जरा जास्त वेळ बसलात की काचेवर टकटक करून सर ठीक आहात ना म्हणून विचारतो. आपल्या कोकणातल्या कुंडांवर यातलं काहीही नाही. पाणी चोवीस तास गरम, आणि बहुतेक ठिकाणी फुकटात नाहीतर अगदी किरकोळ पैशात, पण सांगणारं कोणी नाही. त्यामुळे तो टॉवेलवाला, थर्मामीटरवाला, टकटक करणारा, सगळं तुम्हालाच व्हावं लागतं. एवढं जमलं की पुढची मजा आहेच.

१. कुठं जायचं ते आधी ठरवा

पालघरपासून खाली राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात अशी कुंडं ओळीनं आहेत. मुंबई-ठाणे-वसईवाल्यांना सगळ्यात सोपं म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. तिन्ही एकमेकांना लागून, तानसा नदीच्या काठानं. वसई, विरार नाहीतर भिवंडीहून एसटी मिळते, गाडी असेल तर अहमदाबाद हायवेवरून शिरसाड फाट्याला वळायचं. वसईची मोहीम १७३९ मध्ये फत्ते झाली आणि चिमाजी अप्पांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं असं सांगतात, आणि गणेशपुरीला नित्यानंद बाबांची समाधी आहे, त्यामुळे इथं पिकनिकवाल्यांपेक्षा देवाला आलेली माणसं जास्त. तसंच वागायचं.

पुण्याहून किंवा पनवेलकडून येणाऱ्यांना पालीजवळचं उन्हेरे बरं पडतं, बल्लाळेश्वराचं दर्शन करून तिथून अगदी जवळच. फक्त संकष्टीला आणि सुट्टीच्या रविवारी जाऊ नका, अष्टविनायकाच्या बसच्या बस रिकाम्या होतात तिथं. महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव गावचं कुंड आहे. दापोली तालुक्यातलं उन्हवरे सगळ्यात कडक, तिथं झऱ्याचं मूळ पाणी ७० अंशांच्या आसपास असतं. मुंबई-गोवा हायवेनं जाताना संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी लागतात, आणि त्यातलं आरवली तर इतकं हायवेच्या जवळ की गावाला जाताना पाय मोकळे करायला थांबावं आणि अंघोळ करूनच निघावं. शेवटी राजापूरचं उन्हाळे. आता राजापूरची गंगा आणि हे गरम पाणी यात बरेच जण गोंधळतात. गंगेची चौदा कुंडं वेगळी, त्यांत पाणी साधारण तीन वर्षांनी येतं आणि आपल्या मनानं जातं, गरम झरा मात्र बारमाही आहे.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत उन्हेरे किंवा गणेशपुरी. उन्हवरे सवय झाल्यावर.

२. कधी जायचं

थंडीत, पहाटे. हे नुसतं हौसेचं नाही, त्याला कारण आहे. सौनामध्ये हवा ८० अंश असते तरी माणूस दहा मिनिटं आरामात बसतो कारण हवा कोरडी असते, घाम येतो, उडतो, आणि अंग थंड राहतं. पाण्यात बसल्यावर घाम उडायला जागाच नाही, शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीनं जास्त उष्णता अंगात ढकलतं, म्हणून ४५ अंशांचं पाणीसुद्धा सोसत नाही. आणि बाहेर आलात तरी आपल्याकडची हवा दमट, एप्रिल-मे मध्ये दुपारी कुंडातून निघालात तर अंग थंडच होत नाही, घाम नुसता निथळत राहतो आणि मग डोकं धरतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला गेलं की बाहेर गारठा, पाण्यावर वाफ, आणि निघाल्यावर दोन मिनिटांत बरं वाटतं.

पावसाळ्यात नदीकाठची कुंडं टाळा. तानसेला पाणी चढलं की काठ आणि नदी यात फरक राहत नाही, आणि गढूळ थंड पाणी मिसळल्यावर अंघोळीत तरी काय अर्थ उरला. चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची जत्रा असते, जत्रा बघायची असेल तर जरूर जा, अंघोळीसाठी नको.

३. पिशवीत काय घ्यायचं

दोन टॉवेल किंवा पंचे, एक अंग पुसायला आणि एक पायरीवर अंथरून बसायला. रबरी चपला. तांब्या किंवा प्लास्टिकचा मग, हा विसरू नका, सगळा खेळ त्याच्यावर आहे. प्यायचं पाणी माणशी निदान लिटरभर, आणि त्याच्या जोडीला मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत. लहान बाळांच्या अंघोळीचं पाणी तपासायचं थर्मामीटर मिळतं, ते असेल तर उत्तम. जुने कपडे घ्या. बायकांनी सलवार-कमीज किंवा जाडसर गाऊन, पुरुषांनी हाफ पँट, स्विमिंग कॉस्च्युमवर उगाच सगळ्यांच्या नजरा ओढून घ्यायला हे वॉटर पार्क नाही. कपडे बदलायला खोली असेलच असं धरून चालू नका, एक लांब परकर किंवा चादर असली की आडोसा होतो.

चांदीचे पैंजण, जोडवी, साखळी घरीच ठेवा. पाण्याला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईडचा, आणि त्यानं चांदी काळी पडते.

४. पोचल्यावर आधी विचारा

थेट कपडे काढून उतरायचं नाही. तिथं कोणीतरी फुलवाली मावशी, देवळातले काका, धुणं धुणारी बाई असतेच. त्यांना विचारा, काका अंघोळीचं कुंड कोणतं, बायकांचं कुठलं, आज पाणी कितपत आहे. कारण काही ठिकाणी एखादं कुंड देवाच्या पाण्यासाठी राखलेलं असतं, तर एखादं इतकं कडक असतं की त्यात फक्त तांब्या बुडवतात. दिसायला सगळी सारखीच, दगडी पायऱ्या आणि हिरवट पाणी. कुंड धुवायची वेळही विचारून घ्या, घासून नव्यानं भरलेलं कुंड मिळालं तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच.

५. बाहेर अंग धुवून घ्या

जपानी लोक त्यांच्या ओनसेनमध्ये, म्हणजे तिकडच्या गरम झऱ्याच्या कुंडात, उतरायच्या आधी बाहेर बसून साबणानं अंग घासून घेतात आणि मग नुसतं बसायला पाण्यात जातात. आपल्याकडे बरोबर उलटं, कुंडातच उभं राहून डोक्याला शाम्पू चोळायचा आणि पाऊच तिथंच पायरीच्या फटीत खोचायचा. कृपा करून हे करू नका. मगानं पाणी बाहेर काढा, चार हात लांब बसा, साबण लावा, धुवा, आणि तो फेस कुंडात परत जाणार नाही असं बघा. तेल लावून तर अजिबात उतरू नका, पाण्यावर तवंग येतो आणि पायऱ्या अशा बुळबुळीत होतात की मागून येणारी आजी घसरलीच समजा.

६. पाणी तपासा, आणि घाई करू नका

थर्मामीटर असेल तर सोपं. ३८ ते ४० अंश म्हणजे निवांत बसायचं पाणी, हॉट टबसाठी, म्हणजे बसायच्या गरम पाण्याच्या हौदासाठी, ४० हीच वरची मर्यादा मानतात. ४२ ला सवयीची माणसं बसतात, थोडा वेळ. त्याच्या वर गेलं तर तांब्यानं अंगावर घ्यायचं, तेही बादलीत थंड पाणी मिसळून. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी भाजतं, ७० ला तर हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही, आणि लहान मुलांचं त्याहून लवकर. म्हणून मुलाला आधी सोडून बघू असा प्रकार कधीही करू नका.

थर्मामीटर नसेल तर तांब्यात पाणी काढा, मनगटाच्या आतल्या बाजूवर थोडं ओता. तिथं सोसलं तर कोपर बुडवा. बोटांवर विश्वास ठेवू नका, रोज गरम तव्याला लागून लागून बोटं मुर्दाड झालेली असतात. आणि एकाच कोपऱ्यात बघून पाणी ठीक आहे असं ठरवू नका, जिथं तळाच्या दगडांमधून बुडबुडे येतात तिथं झऱ्याचं तोंड असतं आणि ते पाणी बाकी कुंडापेक्षा चांगलंच गरम असतं, पाय नेमका तिथंच पडतो.

मग पायरीवर बसा. आधी पावलं, मग पोटऱ्या. दोन मिनिटांनी पाय वर उचलून बघितलात तर पाणी जिथपर्यंत होतं तिथं मोजे घातल्यासारखी लाल रेघ दिसते, ती दिसली म्हणजे रक्त कातडीकडे धावायला लागलं. आता मांड्या, मग कंबर. तांब्यानं खांद्यावर पाणी घेत राहा. छातीपर्यंत बुडून बसायची घाई नको, कंबरेपर्यंत बसून वरून तांब्या ओतणं हेच मला तरी सगळ्यात सुखाचं वाटतं.

डोकं बुडवू नका. गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो, तो पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून वर गेला तर थेट मेंदूला. होतं क्वचितच, पण झालं तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. तेव्हा डुबकीचं पुण्य तांब्यानं डोक्यावर पाणी घेऊन मिळवायचं, तेही नाक धरून. मुलांना उड्या मारू देऊ नका. आणि तीर्थ म्हणून पाणी पिऊ पण नका, त्यात जमिनीतले क्षार तर असतातच, वर सकाळपासून उतरलेल्या सगळ्यांची अंघोळ असते.

७. किती वेळ बसायचं

दहा मिनिटं, पहिल्यांदा असाल तर पाच-सातच. मग बाहेर, पाणी प्यायचं, अंग गार होऊ द्यायचं, हवं तर परत एकदा. ज्याला अर्धा तास बसायचंय त्यानं ते तुकड्यातुकड्यानं बसावं. मोबाईलवर टायमर लावा, पण मोबाईल पिशवीत ठेवून. बायकांच्या कुंडाच्या आसपास रील काढणारा एखादा असतोच, त्याला सरळ हटकायचं, लाजायचं त्यानं.

उठताना सगळ्यात जास्त सांभाळायचं. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढं अंधारी. पायरी पायरी वर या, शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात ठेवून मिनिटभर बसा, मग उठा. मळमळ, छातीत धडधड, डोकं हलकं होणं यातलं काहीही वाटलं तर लगेच बाहेर, आणि सोबतच्याला सांगा. एकट्यानं जाऊ नये ते याच्याचसाठी.

८. कोणी उतरायचं नाही

गरोदर बायका, हार्टचा त्रास असलेले, बीपी हाताबाहेर असलेले, ताप असलेले यांनी काठावर बसून गप्पा माराव्यात. डायबिटीस जुना असेल आणि पाय बधिर असतील तर पाणी भाजतंय हेच कळत नाही, अशांनी पावलंसुद्धा बुडवू नयेत. दारू पिऊन कोणीच नाही. उघडी जखम, पिकलेलं गळू असेल तर तुमच्यासाठी आणि बाकीच्यांसाठीही नको.

आणि हो, खरूज-सोरायसिस-संधिवात सगळं बरं होतं हे तुम्हाला तिथं प्रत्येक जण सांगेल. आखडलेले गुडघे गरम पाण्यानं मोकळे होतात, बरं वाटतं, हे खरंच आहे. पण म्हणून डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. खाली ज्वालामुखी आहे हेही सांगतील, तर तसं काही नाही. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खरा, पण तो कधीच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल मुरतं, खोलीवर जमीन मुळातच गरम असते, तिथं ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

९. अंघोळीनंतर

बादलीभर साधं पाणी मिळालं तर अंगावरून घ्या, नाहीतर क्षार सुकून अंग खाजतं. मग कोकम सरबत, लगेच कडक चहा नको. भूक सपाटून लागते, पण येतानाच भरपेट खाऊन उतरायचं नाही, खाणं नंतरच ठेवायचं. देवळाबाहेर वडापाव, भजी मिळतातच, संगमेश्वर-राजापूरकडे असाल आणि कोणाच्या घरी ओळख असेल तर घावणे-चटणी किंवा पेज मागा, त्या वेळी पेजेसारखं दुसरं काही नाही.

गाडी चालवणाऱ्यानं निदान अर्धा तास आडवं व्हावं. अंग इतकं सैल पडलेलं असतं की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, नाहीतर हायवेच्या सरळ पट्ट्यावर, डोळा कधी लागला कळत नाही. आणि ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून आणा, घरी आल्या आल्या दोन पाण्यातून काढा, गंधकाचा वास एकदा कपाटात शिरला की आठवडाभर जात नाही.